दुसरं मशीन: परळमधल्या एका बिलिंग फर्मच्या सर्व्हर इमेजचं प्रकरण

परळच्या एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर ही छोटी फर्म आहे. धंदा सहकारी गृहनिर्माण संस्थांची मेंटेनन्सची बिलं काढून देण्याचा. काही सोसायट्यांची बिलं महिन्याला निघतात, बहुतेकांची तिमाहीला. मालक, बिलांचं सगळं बघणाऱ्या एक ताई आणि डोंबिवलीहून येणारा एक तरुण प्रोग्रॅमर, ही यातली मुख्य माणसं. मी बाहेरचा, सर्व्हरच्या कामापुरता बोलावलेला.

सर्व्हर म्हणजे सेंटओएस 7 ही फुकट मिळणारी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम घातलेला एक टॉवर, कडाप्प्याच्या फळीवर छातीच्या उंचीला ठेवलेला. उंचीचं कारण मालक स्वतःच सांगतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा त्यांचा गाळा तळमजल्यावर होता. आता पाण्याची भीती नाही, पण सेंटओएस 7 चा आधार 30 जून 2024 ला संपणार होता. त्यानंतर सुरक्षेचे अपडेट बंद. सेंटओएस 8 वर जाण्याचा रस्ता आधीच बंद झालेला: 2029 पर्यंत चालेल म्हणून सांगितलेली ती आवृत्ती डिसेंबर 2020 मधल्या घोषणेनंतर 31 डिसेंबर 2021 लाच गुंडाळली गेली. अनेक जण 2021 मध्ये आलेल्या अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सकडे वळले. इथं प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर उबुंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकार होता, म्हणून उबुंटू 22.04 ठरलं. निवडीचं हे कारण ऐकून काही जण नाक मुरडतील. मला ते पटलं. रात्री अकराला काही बिघडलं तर ते ज्यानं दुरुस्त करायचं आहे, त्याच्या हाताला सवय असलेलं बरं.

नवा टॉवर घ्यायचा नाही, क्लाउडवर जायचं, आणि डेटा मुंबईतच ठेवायचा, हे मालकांनी आधीच ठरवलं होतं. त्यात आता अडचण काही नाही. मायक्रोसॉफ्टनं 2015 मध्ये, अमेझॉननं 2016 मध्ये आणि गूगलनं 2017 मध्ये मुंबईत आपापली क्लाउड केंद्रं सुरू केली. यांनी कोणाकडे खातं उघडलं ते इथं सांगत नाही, कारण पुढं जे घडलं ते थोड्याफार फरकानं कुठंही घडलं असतं.

पहिला अडथळा इमेज, म्हणजे नवं मशीन ज्यातून उभं राहतं तो ऑपरेटिंग सिस्टिमचा तयार साचा, निवडतानाच आला. यादीत 'उबुंटू 22.04' शोधलं की डझनावारी नोंदी येतात. प्रोग्रॅमरनं त्यातली 'सुरक्षित केलेली' असं नाव असलेली उचलली. ती तिसऱ्याच कोणाची होती आणि फुकटच्या उबुंटूवर तासाप्रमाणे वेगळे पैसे लावत होती. बिलाचा अंदाज दाखवणाऱ्या पानावर ते लक्षात आलं, म्हणून निभावलं. इमेजचं नाव कोणीही काहीही ठेवू शकतो, तेव्हा बघायचं ते प्रकाशकाचं खातं. अमेझॉनवर उबुंटूच्या अधिकृत इमेज, उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या 099720109477 या खात्यातून येतात, इतर ठिकाणीही प्रकाशकाचं नाव तपासता येतं. शिवाय अमेझॉनवर इमेजचा क्रमांक त्या त्या केंद्रापुरताच असतो. कुठल्या तरी धड्यातला अमेरिकेतला क्रमांक मुंबईत टाकला तर 'अशी इमेज नाही' एवढंच उत्तर मिळतं आणि नवखा माणूस परवानग्या तपासत बसतो.

मशीन उभं राहिलं. प्रोग्रॅमर आपल्या लॅपटॉपवरून आत गेला. ताईंना मात्र जाता येईना. ताई पुटी या सर्व्हरशी जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमवरून तिथला एक जुना मेनू वापरतात: एक दाबलं की बिलं, दोन दाबलं की पावत्या. जुन्या सर्व्हरला पासवर्ड चालायचा, इथं किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल. 'सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की' ही एकच ओळ त्यांच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा येत होती. प्रोग्रॅमरनं किल्ली नवी करून दिली, नंतर अख्खं मशीन नवं केलं, शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही यूजरचं नाव नीट टाकताय ना?"

"मी रूट पण टाकून बघितलं आणि उबुंटू पण. बारा वर्षं हाच पुटी वापरतेय मी, मला टाइप करता येतं."

दोष त्या बारा वर्षांतच होता. सर्व्हरचं दार सांभाळणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅमच्या 8.8 आवृत्तीपासून आरएसए प्रकारच्या किल्लीची जुनी, शा-1 या आता कमकुवत ठरलेल्या पद्धतीवर आधारलेली सही मुळातच नाकारली जाते. उबुंटू 22.04 मध्ये 8.9 आहे. आरएसएची नवी सही पुटीला 0.75 आवृत्तीपासून येते, ताईंचा पुटी त्याच्या कितीतरी आधीचा. किल्ली बरोबर, नाव बरोबर, फक्त सही करण्याची पद्धत कालबाह्य. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ते स्वच्छ लिहिलेलं होतं, पण लॉग वाचायला आत जावं लागतं आणि जो आत जाऊ शकत होता त्याला आपल्याकडे काही चुकतंय असं वाटत नव्हतं. नवा पुटी टाकला, विषय संपला. अशा वेळी मशीन नवं करून काही हाती लागत नाही, दोन्हीकडच्या आवृत्त्या विचारायच्या.

मग फॉन्ट. मराठी बिलांच्या पीडीएफमध्ये सदस्यांच्या नावांच्या जागी रांगेनं चौकोन आले. सर्व्हरसाठीच्या इमेज हलक्या ठेवलेल्या असतात, त्यात देवनागरी फॉन्ट नसतोच. जुन्या टॉवरवर तो कोणीतरी कधीतरी हातानं टाकला होता आणि तशी नोंद कुठंच नव्हती. लोहित देवनागरीचं पॅकेज उबुंटूच्या भांडारात आहे, ते टाकलं आणि फॉन्टची यादी ताजी केली, की नावं दिसू लागली. याच्याहून चिवट तक्रार वेलांटीची असते, 'कि' ऐवजी 'क' च्या पुढं सुटी वेलांटी. ती फॉन्ट बदलून जात नाही, पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमला अक्षरजुळणी येत नसल्याचं ते लक्षण. इथला प्रोग्रॅम ब्राउझरच्या इंजिनावर चालणारा होता, म्हणून तेवढं वाचलं.

तारखेचं प्रकरण जास्त खोल निघालं, आणि माझ्या मते या सगळ्यात तेच शिकण्यासारखं आहे.

क्लाउडवरची लिनक्स इमेज उठते तेव्हा तिचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. प्रोग्रॅमरला हे माहीत होतं. त्यानं टाइमझोन आशिया-कोलकाता केला, ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा क्रॉन पुन्हा सुरू केला, बिलांचा प्रोग्रॅम ज्या भाषेत आहे त्या पीएचपीच्या वेबवरच्या सेटिंगमध्येही तोच टाइमझोन लिहिला. पडद्यावर वेळ बरोबर. दिवसभर चाचणी बिलं काढली, तारीख बरोबर. 1 जूनला, शनिवारी, रात्री साडेबाराला महिन्याची बिलं आपोआप निघाली, बरोबर वेळेला निघाली, आणि प्रत्येकावर तारीख 31 मे.

उबुंटूवर पीएचपीच्या सेटिंगची फाइल एक नसते. वेबसाठी एक, कमांड लाइनसाठी दुसरी. पीएचपी मशीनचं घड्याळ कुठल्या टाइमझोनमध्ये आहे ते विचारत नाही, आपल्या फाइलमध्ये बघतं आणि तिथं काही नसेल तर यूटीसी धरतं. क्रॉन चालवतो ते कमांड लाइनचं पीएचपी, आणि ती फाइल कोणी उघडलीच नव्हती. क्रॉनच्या घड्याळात 1 जूनचे साडेबारा, पीएचपीच्या घड्याळात 31 मेच्या संध्याकाळचे सात. दिवसाच्या चाचण्यांत हे सापडणं शक्यच नव्हतं. यूटीसीची तारीख आपल्याहून वेगळी असते ती फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाच, आणि त्या वेळात चाचणी घेणारा क्रॉनशिवाय कोणी नसतो.

एका दिवसाचा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण बिलाच्या तारखेवरून भरण्याची मुदत ठरते, मुदतीवरून व्याज. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत 2024 मध्ये थकबाकीवर वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येत होतं. वार्षिक सभेत या व्याजावरून माणसं उभी राहून भांडतात. महिन्याच्या बिलांच्या सोसायट्या थोड्या होत्या, बिलं रद्द करून पुन्हा काढली. 1 जुलैला तिमाहीची सगळी बिलं निघणार होती, तेव्हा हे झालं असतं तर बिलं जूनमध्ये, म्हणजे मागच्या तिमाहीत पडली असती. डेटाबेसचंही घड्याळ तपासलं. तो सुरू होताना मशीनचा टाइमझोन वाचून ठेवतो, मागाहून बदललेला त्याला कळत नाही, म्हणून त्यालाही पुन्हा सुरू करावं लागलं.

आता मशीन नीट चालत होतं. मालक म्हणाले, "याची एक कॉपी काढून ठेवा. उद्या हे गेलं तर ती चालू करायची." मागणी रास्त होती. क्लाउड कंपनीच्या पॅनेलवर एक बटण आहे, दाबलं की चालू मशीनची इमेज बनते. प्रोग्रॅमरनं दाबलं, इमेज बनली, सगळे खूश. ती खरंच उठते का ते बघायला त्यानं तिच्यातून दुसरं मशीन सुरू केलं.

ते उठेना. पॅनेल 'चालू आहे' म्हणत होतं, पण आत जाता येत नव्हतं. पॅनेलमधून कन्सोलचा मजकूर काढला, तर मशीन एका डिस्कची वाट बघत दीड मिनिट थांबलं होतं, मग आणीबाणीच्या मोडमध्ये गेलं होतं. शेवटची ओळ अशी की कन्सोल उघडता येत नाही, कारण रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं बंद आहे. क्लाउडच्या उबुंटू इमेजमध्ये रूटला पासवर्ड नसतोच. म्हणजे दुरुस्तीसाठी जो दरवाजा उघडायचा, तोच कुलूपबंद.

कारण एफएसटॅबमधली, म्हणजे उठताना कोणती डिस्क कुठं जोडायची त्या यादीतली, एक ओळ. डेटाची वेगळी डिस्क तिथं तिच्या उपकरणनावानं लिहिलेली होती. पहिलं मशीन स्वस्त म्हणून जुन्या पिढीचं घेतलं होतं, दुसरं नव्या पिढीचं. तिथं डिस्का एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या म्हणून दिसतात आणि नावं वेगळी पडतात. डिस्क जोडलेली होती, फक्त त्या नावाची कोणी नव्हती. दुसऱ्या मशीनची मूळ डिस्क काढून पहिल्याला जोडली, तिच्यातली ओळ बदलली, परत लावली. उपकरणाच्या नावाऐवजी डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिच्यावरच नोंदलेला ओळखक्रमांक, लिहिला, कारण इमेजमधून बनलेल्या डिस्कवरही तो तोच राहतो. जोडीला 'नोफेल' हा पर्याय, म्हणजे डेटाची डिस्क सापडली नाही तरी मशीन निदान उठेल आणि आत जाऊन बघता येईल.

उठल्यावर ते भलतंच मंद निघालं. पहिल्या मशीनवर झटकन येणारा थकबाकीचा अहवाल इथं इतका रेंगाळला की प्रोग्रॅमर मोठं मशीन घ्यायला निघाला. तोच अहवाल दुसऱ्यांदा काढला तर पूर्वीसारखाच झटकन. स्नॅपशॉटमधून, म्हणजे इमेजसोबत साठवलेल्या डिस्कच्या प्रतीतून, बनवलेली डिस्क लगेच वापरायला मिळते, पण तिच्यातला मजकूर मागच्या साठ्यातून पहिल्यांदा वाचला जाईल तेव्हाच येतो. त्या पहिल्या वाचनाला वेळ लागतो. मोठं मशीन घेऊन तो कमी झाला नसता. अख्खी डिस्क एकदा वाचून काढली की तक्रार मिटते.

हा सगळा खटाटोप शुक्रवारी झाला. दुसरं मशीन चालू ठेवून सगळे घरी गेले.

सोमवारी सकाळी दादरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा ताईंना फोन. त्यांच्या सदस्यांना थकबाकीची ईमेल दोन-दोनदा आली होती. त्यात ज्यांनी शुक्रवारी संध्याकाळी पैसे भरले त्यांनाही एक आली होती, व्याजासकट. "पावती तुम्हीच दिलीत आणि नोटीसही तुम्हीच पाठवताय?" हे त्यांचं वाक्य ताईंनी फोन ठेवल्यावर दोनदा म्हणून दाखवलं.

चालू मशीनची इमेज काढली की त्याला जोडलेल्या डिस्काही सोबत येतात, म्हणजे सदस्यांचा पूर्ण डेटा, शुक्रवार दुपारपर्यंतचा. क्रॉनची यादी येते. मेल पाठवणाऱ्या सेवेचा पासवर्ड येतो. दर सोमवारी सकाळी थकबाकीदारांना आठवण करायची हे काम दुसऱ्या मशीनलाही पहिल्याइतकंच आपलं वाटत होतं. आदल्या कारकुनाची डायरी हातात आलेला नवा कारकून जसा न विचारता कामाला लागेल, तसं ते लागलं, फक्त डायरी शुक्रवारच्या पानावर थांबलेली. बहुतेक क्लाउड कंपन्या 25 क्रमांकाच्या पोर्टवरून बाहेर जाणारी मेल मुळातच अडवतात, पण यांची मेल 587 वरून, पासवर्ड देऊन जात होती. त्यामुळे तीही आडकाठी नव्हती. गंमत अशी की एफएसटॅबची ओळ चुकलेलीच राहिली असती तर मशीन उठलंच नसतं आणि हे घडलंही नसतं.

सोसायट्यांना माफीची मेल गेली, तिचा मजकूर मालकांनी स्वतः लिहिला. दुसरं मशीन बंद केलं. मग गाळ्यात खरा वाद झाला.

प्रोग्रॅमरचं म्हणणं, इमेज हा प्रकारच नको. कोरं उबुंटू घ्यायचं आणि पहिल्या सुरुवातीला क्लाउड-इनिट या नव्या मशीनची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमकडून स्क्रिप्ट चालवून सगळं घालायचं. तसं करूनही बघितलं. पहिल्या मिनिटांत उबुंटू आपले सुरक्षा अपडेट स्वतःच घ्यायला लागतं, पॅकेजच्या यादीला कुलूप लावतं आणि आपली स्क्रिप्ट 'लॉक मिळत नाही' म्हणून मधेच मरते. थांबून वाट बघायला शिकवता येतं, पण मग मशीन उभं राहायला वेळ जातो आणि भांडारातलं एखादं पॅकेज बदललं की आजचं मशीन कालच्यासारखं राहत नाही. मालकांचं म्हणणं, हुबेहूब कॉपीच हवी, बाकी मला समजत नाही. हुबेहूब कॉपीनं काय केलं ते सोमवारी दिसलं होतं.

मी मधला मार्ग सांगितला. तो काही माझा शोध नाही, या कामात मुरलेली बरीच माणसं शेवटी तिथंच येतात. जे प्रत्येक मशीनवर सारखंच असायला हवं ते इमेजमध्ये: पीएचपी आणि त्याच्या दोन्ही फाइलींतला टाइमझोन, वेबसर्व्हर, देवनागरी फॉन्ट, ताईंचा मेनू. जे एकाच मशीनचं असतं ते इमेजमध्ये अजिबात नाही: सदस्यांचा डेटा, पासवर्ड, क्रॉनची यादी. मशीन सुरू करताना क्लाउड-इनिटला एक शब्द द्यायचा, 'मुख्य' किंवा 'चाचणी'. 'मुख्य' दिला तरच क्रॉन लागतो आणि मेलचा पासवर्ड क्लाउड कंपनीच्या गुप्त साठ्यातून आणला जातो. शब्द द्यायचा राहिला तर ते 'चाचणी' समजलं जातं. शेवटचा नियम छोटा आहे, पण मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. विसरणं होणारच, ते कोणत्या बाजूला पडेल एवढं आपल्या हातात असतं.

इमेज काढण्याआधी मूळ मशीन पुसून घ्यायचं हेही ठरलं. कमांडचा इतिहास, लॉग, प्रोग्रॅमरची स्वतःची किल्ली, क्लाउड-इनिटच्या जुन्या खुणा. मशीन-आयडीची फाइल पुसायची नाही, रिकामी करायची, म्हणजे नवं मशीन उठताना स्वतःचा नवा आयडी घालतं. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या क्लाउड-इनिट प्रत्येक नव्या मशीनवर नव्यानं बनवतं. ते योग्यच आहे, पण त्याचा झटका वापरणाऱ्याला बसतो. 30 जूनला, रविवारी, जुना पत्ता नव्या इमेजमधून उठलेल्या मशीनला जोडला आणि ताईंच्या पुटीनं सुरक्षाभंगाचा मोठा इशारा दाखवला. ताई घाबरल्या नाहीत, कारण नव्या किल्लीचा ठसा आदल्या दिवशी छापून त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. त्यांनी एकेक अक्षर बोटानं ताडून पाहिलं, मग 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं. असं ताडून पाहणारी माणसं मी फार कमी बघितली आहेत.

डेटा त्या दिवशी इमेजमधून आणलाच नाही. पहिल्या मशीनवरून डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, काढला आणि कोऱ्या डिस्कवर भरला. 1 जुलैला, सोमवारी, रात्री साडेबाराला तिमाहीची बिलं निघाली. प्रोग्रॅमर डोंबिवलीत जागा होता. त्याला घरून आत जाता येत नव्हतं, कारण दार फक्त गाळ्याच्या आयपीला, म्हणजे तिथल्या इंटरनेटच्या पत्त्याला, उघडं होतं. त्यानं वेबवरून एक बिल उघडलं आणि फोटो पाठवला. तारीख 1 जुलै. त्या सोमवारची थकबाकीची ईमेल प्रत्येकाला एकदाच गेली.

घरून आत जाण्याचा प्रश्न नंतर सोडवला. त्याच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता सतत बदलतो आणि इतरांबरोबर वाटलेला असतो, त्यामुळे तो पत्ता यादीत घालण्यात अर्थ नव्हता. पॅनेलमधूनच उघडणारी कन्सोलची वाट त्याच्या खात्यापुरती खुली केली. बावीस क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे आत जाण्याचं तेच दार, जगाला उघडण्याचा सोपा उपाय त्यानंच सुचवला होता आणि लॉग दाखवल्यावर त्यानंच मागे घेतला.

खर्चाचं एक शेपूट राहिलं होतं. चाचणीच्या काळातल्या इमेज यादीतून काढून टाकल्या तरी त्यांच्या मागचे स्नॅपशॉट तसेच राहतात आणि दर महिन्याला पैसे खातात. ते ऑगस्टच्या बिलात ताईंना दिसले. या गाळ्यात बिलाची ओळ न् ओळ वाचणारं माणूस त्यांच्याइतकं दुसरं कोणी नाही.

ऑक्टोबरच्या बिलांआधी अपडेट घेऊन इमेज नव्यानं काढली, तिच्यातून 'चाचणी' मशीन उठवलं, रात्री एकला एक बिल काढून तारीख बघितली आणि मगच ते 'मुख्य' केलं. आता मालक विचारताहेत, मुंबईचं केंद्रच बंद पडलं तर काय. इमेज दुसऱ्या केंद्रात कॉपी करता येते, तिथं तिला वेगळा क्रमांक मिळतो. पण डेटा आणि गुप्त साठाही तिकडं न्यावा लागेल, आणि त्याचा रोजचा खर्च किती ते काढायचं काम ताईंकडे आहे. जानेवारीची बिलं गेली की बसू, असं ठरलंय.